हिरव्या लेझरला हिरवा गॉगल चालत नाही: कमी खर्चात डोळे कसे सांभाळायचे

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शाळेच्या गच्चीवर पोरांना तारे दाखवायला तुम्ही किल्लीवाला हिरवा लेझर पॉइंटर घेतलाय, १८६५० नावाच्या चार्जिंगच्या सेलवर चालतो तो, आता सुट्टीत लाकडाच्या नेमप्लेट करायला ५ वॅटचा निळा एनग्रेव्हर, म्हणजे लेझरने कोरणारी मशीन, पण घ्यायचीय, दुकानदाराने हिरव्या काचेचा एक गॉगल फुकट दिलाय, तो दोन्हीला चालेल का आणि नसेल तर दीड-दोन हजारात काय मिळेल. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेझर कटिंग-एनग्रेव्हिंगचं काम करतो, त्याआधी बरीच वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये होतो, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो, कारण "हो चालेल" एवढं ऐकून मशीन चालू करणारे लई बघितलेत.

आधी सरळ उत्तर. तो हिरवा गॉगल दोन्हीला वापरू नका. एनग्रेव्हरसाठी गॉगलचा एक नीट जोड घ्यावाच लागेल, आणि तो बरोबर निवडला तर तोच तुमच्या हिरव्या पॉइंटरच्या टेबलावरच्या प्रयोगांना पण चालतो, म्हणजे दोन घ्यायची गरज नाही. गच्चीवर तारे दाखवायला मात्र गॉगल हा उपायच नाही, तिथे पॉइंटरची पॉवर कमी करणं हाच उपाय, आणि तो गॉगलपेक्षा स्वस्त पडतो. का ते आता बघू.

काच हिरवी दिसते याचा अर्थ ती हिरवा प्रकाश पलीकडे जाऊ देते, म्हणून तर ती हिरवी दिसते. प्रकाशाचा रंग त्याच्या वेव्हलेंग्थवरून, म्हणजे लहरीच्या लांबीवरून ठरतो, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात; तुमचा पॉइंटर ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे नेमका हिरवा, तो त्या काचेतून बऱ्यापैकी तसाच आत येणार. लाल ६५० च्या लेझरला हिरवट-निळसर काच, हिरव्या ५३२ ला आणि निळ्या ४५० ला नारिंगी किंवा लालसर काच, असा साधारण हिशोब असतो. पण रंगावरून खरेदी करायची नाही, रंग फक्त "हा तर नक्कीच नको" एवढं सांगायला कामाचा. नारिंगी दिसणारी साधी प्लास्टिकची काच पण असते आणि तिच्यातून किती प्रकाश आत येतो हे कुणीच मोजलेलं नसतं.

फुकट मिळणाऱ्या किंवा दोन-तीनशेला मिळणाऱ्या गॉगलवर बऱ्याचदा "२०० ते २००० नॅनोमीटर" असं छापलेलं असतं. जरा विचार करा, माणसाच्या डोळ्याला दिसणारा सगळा प्रकाश साधारण ४०० ते ७०० मध्ये येतो. २०० पासून २००० पर्यंत सगळं खरंच अडवणारी काच घातली तर समोर मिट्ट काळोख दिसायला पाहिजे. तो गॉगल घालून तुम्हाला खोली, टेबल, मशीन सगळं दिसत असेल तर छापलेलं खोटं आहे, त्याला कुठल्या लॅबची गरज नाही. त्यातले बरेचसे पार्लरमध्ये केस काढायच्या मशीनच्या झगमगाटासाठी वापरतात त्या प्रकारचे असतात, लेझरच्या सरळ किरणासाठी नाही.

आता ओडी. गॉगलवर वेव्हलेंग्थच्या शेजारी ओडी ४, ओडी ५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, प्रकाश कितीने कमी होतो त्याचा आकडा. ओडी १ म्हणजे दहावा भाग आत येतो, ओडी २ म्हणजे शंभरावा, ओडी ३ हजारावा, असं एकेक शून्य वाढत जातं. म्हणजे ओडी ४ आणि ओडी ५ हे जवळजवळ सारखेच असं नाही, दहा पटीचा फरक आहे.

डोळ्याला किती चालतं, तर दिसणाऱ्या लेझरसाठी १ मिलिवॅट ही क्लास २ ची मर्यादा, क्लास म्हणजे धोक्याप्रमाणे पाडलेले लेझरचे वर्ग. ती कुठून आली ते सांगतो, म्हणजे लक्षात राहील. तीव्र प्रकाश पडला की आपण पाव सेकंदात डोळा मिटतो, तेवढ्या वेळात ७ मिलिमीटर उघडलेल्या बाहुलीतून १ मिलिवॅटपर्यंत आत गेलं तर डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) वाचतो असं धरलेलं आहे. त्याच्या वर ५ मिलिवॅटपर्यंत क्लास ३आर, ५ ते ५०० मिलिवॅट ३बी, आणि ५०० च्या पुढे सगळं क्लास ४. तुमचा एनग्रेव्हर ५ वॅट, म्हणजे ५००० मिलिवॅट, थेट क्लास ४, तिथे लाकडावर पडून पसरलेला प्रकाश सुद्धा जवळून बघत राहायचा नसतो.

५००० चं १ वर आणायचं तर ५००० पट कमी करायला पाहिजे, म्हणजे ओडी ३.७. ओडी ४ ला तो अर्ध्या मिलिवॅटवर येतो, ओडी ५ ला त्याच्याही दहाव्या भागावर. मी ४५० ला ओडी ५ च घ्या म्हणतो, कारण पुढे तुम्ही १० वॅटचं मॉड्यूल लावणार हे मला आत्ताच दिसतंय, सगळेच लावतात. आणि एनग्रेव्हर घेताना जाहिरातीतला मोठा आकडा बघू नका, ४० वॅट लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा वीज किती खातो त्याचं, लेझरचा खरा आउटपुट त्यातला ५ वॅटच्या आसपास असतो. "ऑप्टिकल पॉवर किती" असं विचारायचं.

हिरव्या पॉइंटरचं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या किल्लीवाल्यासारख्या स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये सहसा हिरवा लेझर थेट नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा डायोड असतो, तो एका क्रिस्टलला ऊर्जा देतो, त्यातून १०६४ चा इन्फ्रारेड निघतो, तो दुसऱ्या क्रिस्टलमधून जाताना अर्ध्या वेव्हलेंग्थचा होतो, म्हणजे ५३२, हिरवा. हे सगळं झाल्यावर उरलेला ८०८ आणि १०६४ अडवायला पुढे एक छोटा फिल्टर लावायचा असतो, आणि स्वस्त पॉइंटरमध्ये पैसे वाचवायला नेमका तोच गाळतात. अमेरिकेत एनआयएसटी म्हणून मोजमापाची सरकारी संस्था आहे, त्यांनी २०१० मध्ये असा एक पॉइंटर मोजला, १० मिलिवॅट म्हणून विकलेला, हिरवा फिका पडत होता पण इन्फ्रारेड जवळजवळ २० मिलिवॅट बाहेर येत होता. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे डोळा मिटत नाही, पण डोळ्याचं भिंग त्यालाही पडद्यावर गोळा करतंच. सूर्याखाली भिंग धरून कागद जाळतो तसंच हे, फक्त इथे कागदाच्या जागी आपला पडदा असतो, आणि बाहुलीवर पडलेला प्रकाश तिथे साधारण लाखपट दाट होतो.

त्यामुळे "सेल उतरलाय, फिका मारतोय, आता काही होत नाही" हे हिरव्या पॉइंटरच्या बाबतीत धरून चालू नका. आतला डायोड तापला की त्याची वेव्हलेंग्थ सरकते, क्रिस्टलला ती नीट लागत नाही, हिरवा कमी होतो आणि इन्फ्रारेड तसाच राहतो. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ डिग्रीत खिशात तापलेला पॉइंटर काढला तर असंच होणार.

लेबलवर तर अजिबात विसंबू नका. त्याच संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचे निकाल सांगितले, हिरव्यातले जवळपास ९० टक्के आणि लालमधले ४४ टक्के तिथल्या नियमात बसले नाहीत. हे अमेरिकेतलं, जिथे ५ मिलिवॅटची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. आपल्याकडे गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर खेळण्यांच्या स्टॉलवर मिळणाऱ्या पॉइंटरवर काय छापलंय त्याला काय अर्थ राहतो. तुमच्या किल्लीवाल्यावर ५ पेक्षा कमी लिहिलं असलं तरी तो ५० चा किंवा १०० चा आहे असं धरूनच वागा.

आता खरेदीचं. तुम्हाला असा जोड शोधायचाय ज्यावर १९० ते ५४० नॅनोमीटरला ओडी ५ किंवा जास्त, आणि शिवाय ८०० ते ११०० ला (काहींवर २००० पर्यंत असतं) ओडी ४ किंवा जास्त, असे दोन पट्टे लिहिलेले आहेत. काच नारिंगी-लालसर असते. पहिल्या पट्ट्यात तुमचा निळा ४५० आला, हिरवा ५३२ आला, दुसऱ्या पट्ट्यात पॉइंटरमधून निसटणारा ८०८ आणि १०६४ आला. एका जोडात दोन्ही मशीनं झाली, पैसे इथे वाचतात. पण हाच जोड लाल ६५० ला काडीचा उपयोगाचा नाही, तो प्रकाश मधून सरळ आत येतो, हे घरातल्या बाकीच्यांना पण सांगून ठेवा. आणि पुढे कधी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरची मशीन घेतली तर तिची वेव्हलेंग्थ १०६०० आहे, तिचा हिशोब पूर्ण वेगळा, तेव्हा पुन्हा नव्याने बघायचं.

आकडे काचेवर किंवा फ्रेमवर कोरलेले-छापलेले पाहिजेत, नुसत्या डब्यावरच्या स्टिकरवर असले तर ते धरायचे नाहीत. युरोपचा ईएन २०७ हा स्टँडर्ड असेल तर उत्तमच, त्यात वेव्हलेंग्थच्या पुढे डी एलबी५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, डी म्हणजे सलग चालणारा लेझर, आणि एलबीच्या पुढचा आकडा म्हणजे काच नुसती प्रकाश अडवते असं नाही तर तेवढ्या ताकदीचा किरण काही सेकंद अंगावर घेऊन टिकते. हा फरक मोठा आहे, कारण नुसत्या ओडीच्या काचेवर ५ वॅटचा फोकस झालेला किरण पडला तर ती वितळून भोक पडू शकतं. म्हणूनच गॉगल कितीही चांगला असला तरी तो चुकून परावर्तित होऊन आलेल्या किरणासाठी आहे, घालून लेझरच्या तोंडात बघायला नाही.

विकणाऱ्याकडे ट्रान्समिशनचा ग्राफ किंवा टेस्ट रिपोर्ट मागा. जो देतो त्याच्याकडून घ्या, जो "साहेब सगळे हाच नेतात" म्हणतो त्याला नमस्कार करून निघा. सोलापुरात दुकानात असा माल सहसा पडून नसतो, पुण्या-मुंबईच्या लॅब सप्लायरकडून मागवावा लागतो, आणि खरं सांगायचं तर प्रमाणपत्रासकट जोड काही हजारांत जातो, दीड-दोन हजारात बसेल याची खात्री नाही. तुमचं बजेट तेवढंच असेल तर माझं स्पष्ट मत असं, की एनग्रेव्हर एक साइज लहान घ्या किंवा महिनाभर थांबा, पण गॉगलात काटकसर करू नका. चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा, बाजूने बंद असणारा घ्या, बाजूच्या फटीतून येणारा किरण पण तितकाच वाईट.

घरी एक तपासणी करता येते, पण नीट करा. गॉगल डोळ्याला लावायचा नाही, टेबलावर दोन पुस्तकांच्या मध्ये उभा अडकवायचा, काच जरा खालच्या बाजूला झुकवून, म्हणजे काचेवरून उसळलेला किरण टेबलाकडे जाईल, तोंडाकडे येणार नाही. काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर खरखरीत पांढरा पुठ्ठा. खोलीत दिवा चालू. मग पॉइंटरच्या मागे उभं राहून काचेतून एक क्षण मारायचा आणि पुठ्ठ्यावर ठिपका दिसतो का बघायचं. ठिपका चांगला लख्ख दिसला तर तो गॉगल कचऱ्यात. दुकानदाराने दिलेल्या हिरव्यावर हे करून बघा, लगेच कळेल. पण ठिपका दिसला नाही म्हणजे गॉगल पास झाला असं मुळीच नाही, इन्फ्रारेड तुम्हाला दिसणारच नाही आणि ओडी ३ आणि ओडी ५ मधला फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही. वाईट माल ओळखायला एवढंच त्याचं काम. एनग्रेव्हरच्या किरणावर हा प्रयोग करायचा नाही.

चांगला जोड घातल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, मशीनवरचा हिरवा किंवा निळा इंडिकेटर त्या काचेतून दिसतच नाही, मशीन बंद आहे असं वाटतं आणि माणूस हात घालतो. त्यावर लाल एलईडी लावून घ्या, लाल त्या काचेतून मस्त दिसतो.

आणि आता जे फुकटात होतं ते, गॉगलच्या आधी हेच करायला पाहिजे खरं तर. एनग्रेव्हर उघडा चालवू नका. जाड एमडीएफचा किंवा पत्र्याचा डबा करा, आतून मॅट काळा, झाकणाला मायक्रोस्विच लावा म्हणजे झाकण उघडलं की लेझर बंद, आत जुना वेबकॅम लावून मोबाईलवर काम बघत बसा. डोळ्यापर्यंत किरण पोचतच नसेल तर गॉगल ही दुसरी फळी होते, एकमेव राहत नाही. पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण करू नका, निळा त्यातून सरळ बाहेर येतो. बाजारातली साधी नारिंगी ॲक्रिलिक शीट पण नको, तिचा ओडी कुणी मोजलेला नसतो, खिडकी पाहिजेच असेल तर ४५० साठी रेटिंग असलेलीच शीट घ्या. डब्याला धूर ओढणारा पंखा लागतो, आणि रेक्झिन किंवा पीव्हीसी कधीही जाळू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुफ्फुसाला पण वाईट आणि मशीनला पण.

पॉइंटरचे प्रयोग टेबलावर करताना तो हातात धरू नका, स्टँडला घट्ट बांधा, किरण बसलेल्या माणसाच्या आणि उभ्या माणसाच्या दोन्हीच्या डोळ्याच्या लेव्हलला नको, शेवटी मॅट काळा थांबा ठेवा, कच्ची वीट पण चालते. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा, टेबलावरची स्टीलची बाटली, पक्कड, मोबाईल बाजूला. चकचकीत टाइल्सवरून किरण जवळजवळ आरशासारखा उसळतो. खोलीत उजेड ठेवा म्हणजे बाहुली लहान राहते.

गच्चीवरच्या तारे दाखवण्याचं आता. तिथे तुम्ही गॉगल घातला तर तुम्हाला हिरवा किरणच दिसणार नाही, दाखवणार काय, आणि चाळीस पोरांना गॉगल कोण घालणार. म्हणून म्हणतो, तो किल्लीवाला कपाटात ठेवा, किल्ली तुमच्या खिशात, आणि खात्रीच्या सप्लायरकडून मोजून दिलेला ५ मिलिवॅटच्या आतला, इन्फ्रारेड फिल्टर असलेला पॉइंटर घ्या. हिरव्याला आपला डोळा लई संवेदनशील असतो, अंधारात डोळे सरावल्यावर ५ मिलिवॅटचा किरण हवेत व्यवस्थित रेष दाखवतो, आपल्या सोलापूरच्या धुळीत तर आणखी छान. तरीही तो पोरांच्या हातात द्यायचा नाही, तुम्ही सगळ्यांच्या पुढे उभं राहून वर धरायचा, पोरं मागे, बटण दाबून धरलं तरच चालणारा घ्या, आपोआप चालू राहणारा नको. आणि विमानाचा दिवा दिसला की लगेच बंद, आता होटगी रोडवरून विमानं सुरू झालीत, उतरताना पायलटच्या काचेवर हिरवा प्रकाश पसरला तर त्याला काही क्षण धावपट्टी दिसत नाही.

पोरांना हेही सांगा की मिरवणुकीत डीजेवरच्या लेझरकडे टक लावून बघायचं नाही आणि त्याच्यासमोर मोबाईल धरून उभं राहायचं नाही. २०२३ च्या विसर्जनानंतर राज्यात तरुण पोरांच्या पडद्यावर इजा झाल्याच्या केसेस डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्या होत्या, ती पोरं तर लेझरशी खेळतही नव्हती, नुसती नाचत होती.

गॉगलची निगा पण राखा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने आणि उन्हाने काचेतला डाय, म्हणजे प्रकाश अडवणारा रंग उतरतो. कोरड्या टॉवेलने पुसू नका, धूळ घासून ओरखडे पडतात, आधी पाण्याने धूळ काढा मग मऊ कापड. खोल ओरखडा, तडा किंवा रंग उडाल्यासारखा दिसला की जोड बदला, भावनेत अडकू नका.

आणि कधी कुणाच्या डोळ्यात किरण गेलाच, तर बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून लोक गप्प बसतात. एक डोळा झाकून चौकटीच्या वहीचं पान समोर धरा, मधल्या एका ठिपक्यावर नजर ठेवा, मग दुसऱ्या डोळ्याने तसंच. कुठे रेषा वाकड्या दिसल्या, मध्ये काळा किंवा धूसर डाग दिसला, तर डोळा चोळू नका, घरचे थेंब टाकू नका, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरकडे जा, सिव्हिलला गेलात तरी नेत्र विभागात ओसीटी स्कॅनबद्दल, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. चौकटी सरळ दिसल्या तरी पोरगं लहान असेल तर दाखवूनच या, लहान पोरांना काय दिसत नाही ते नीट सांगता येत नाही. जाताना सेल काढून पॉइंटर सोबत न्या, वेव्हलेंग्थ, किती अंतरावरून गेला आणि साधारण किती वेळ, एवढं डॉक्टरांना सांगा.